वर्गणी काढण्याआधी खातेउतारा काढा: थकबाकीत कापलेली वीज परत जोडून घेताना

प्रश्न थोडक्यात असा: वस्तीतल्या एका घराची वीज चार महिन्यांपूर्वी कापली आणि नंतर मीटरही काढून नेलं. शेवटच्या बिलावर १४,६०० रुपये थकबाकी दिसते. घरात कमावणारं माणूस एकच, तेही रोजंदारीवर. वस्तीतले लोक वर्गणी काढायला तयार आहेत. एवढे पैसे भरावेच लागतील का, आणि भरले की लाइट लगेच येईल का?

वर्गणी जरूर काढा, पण काउंटरवर जाण्याआधी त्या घराचा खातेउतारा हातात घ्या. गरीब घराच्या थकबाकीत बरेचदा तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: खरोखर वापरलेली वीज, त्यावर साचलेला विलंब आकार आणि व्याज, आणि चुकीच्या रीडिंगमुळे चढलेली रक्कम. पहिली भरायलाच हवी. दुसरीत योग्य वेळी सूट मिळू शकते. तिसरी मुळात देणंच नसते. बिलावर मात्र तिन्हींची एकच बेरीज छापलेली असते आणि घाबरलेलं घर तीच खरी धरून बसतं. लोकांच्या कष्टाचे पैसे आहेत, ते तिसऱ्या खात्यात जाऊ नयेत.

खाली जे लिहिलं आहे ते महावितरणच्या ग्राहकांसाठी आहे. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवरचं बिल येत असेल तर कायदा तोच, कार्यालयांची नावं वेगळी. भिवंडीत आणि मुंब्रा-शीळ-कळवा भागात रोजचं काम टोरंट ही फ्रँचायझी पाहते. तिथे अर्ज त्यांच्याच कार्यालयात द्यायचा, परवानाधारक मात्र महावितरणच.

खातेउताऱ्याला कार्यालयात सीपीएल म्हणतात. उपविभाग कार्यालयाच्या बिलिंग टेबलवर बारा अंकी ग्राहक क्रमांक आणि चार अंकी बिलिंग युनिट सांगून तो मागायचा. निदान मागच्या २४ महिन्यांचा घ्या. तोंडी नाही म्हणाले तर दोन ओळींचा अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. तरीही मिळाला नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही माफ. पण त्यात ३० दिवस जातात आणि पुढे सांगतो त्या कारणाने तुमच्याकडे दिवस मोजके आहेत. म्हणून आधी समोरासमोर मागूनच पाहा. बहुतेक ठिकाणी शांतपणे मागितलं की मिळतो.

उताऱ्यात प्रत्येक महिन्याच्या ओळीत मीटरची स्थिती, मागील रीडिंग, चालू रीडिंग, युनिट, बिलाची रक्कम, दुरुस्त्या आणि भरणा असतो. पहिली नजर मीटरच्या स्थितीवर टाका. ओळीने ‘नॉर्मल’ दिसत असेल आणि युनिट सारखे असतील तर बिल बहुधा बरोबर आहे. ‘लॉक्ड’, ‘फॉल्टी’, ‘आरएनए’ किंवा ‘इनअॅक्सेसिबल’ असे शेरे लागोपाठ आले, तर त्या महिन्यांत रीडिंग झालेलं नाही आणि सरासरीने बिल काढलेलं आहे. अशा महिन्यांनंतर अचानक मोठं बिल आलं असेल तर गडबड बहुतेक तिथेच असते.

ती गडबड कशी होते ते आकड्यांनी पाहू. समजा सहा महिने दर महिन्याला सरासरी ४० युनिटचं बिल आलं आणि मग खरं रीडिंग झालं. एकूण ५४० युनिट निघाले. म्हणजे महिन्याला ९०. घरगुती दराचे टप्पे ०-१००, १०१-३००, ३०१-५०० आणि ५०० च्या वर असे आहेत आणि प्रत्येक टप्प्याचा दर आधीच्याहून चढा आहे. ५४० युनिट एकाच महिन्याचे धरले तर हे घर चारही टप्प्यांत जातं आणि शेवटचे ४० युनिट सर्वांत महाग दराने लागतात. सहा महिन्यांत विभागले तर सगळेच्या सगळे पहिल्या, स्वस्त टप्प्यात बसतात. शिवाय आधी आकारलेले २४० युनिट वजा व्हायला हवेत. साधारणपणे बिलिंग प्रणाली ही विभागणी स्वतः करते. पण मधल्या काळात मीटर बदललेला असेल, किंवा कोणी रीडिंग न घेता अंदाजाचा आकडा ‘नॉर्मल’ म्हणून भरला असेल, तर प्रणालीला तो साचलेला वापर आहे हे कळतच नाही. दुरुस्तीसाठी अर्जात नेमकं लिहा: ‘अमुक ते अमुक महिन्यांचा साचलेला वापर त्या महिन्यांत विभागून स्लॅबचा लाभ द्यावा व आधी आकारलेली रक्कम वजा करावी.’ ही दुरुस्ती कार्यालयात ज्या प्रस्तावाने होते त्याला बी-८० म्हणतात. ‘बी-८० झाला का?’ असं विचारलं की पुढची चर्चा नेमकी होते.

मीटर बंद पडल्याची किंवा सदोष असल्याची नोंद असेल तर सरासरीने आकारणी अमर्याद महिने करता येत नाही. राज्य वीज नियामक आयोगाच्या पुरवठा संहितेने, म्हणजे वीजपुरवठ्याच्या नियमावलीने, त्याला तीन महिन्यांची मर्यादा घातली आहे. ‘फॉल्टी’ शेऱ्याखाली आठ-दहा महिने सरासरी बिलं काढलेली दिसली, तर हा मुद्दा लेखी मांडायलाच हवा.

दुसरी नजर मीटर क्रमांकावर. चाळीत किंवा झोपडपट्टीत एका फळीवर दहा-बारा मीटर असतात आणि मीटर बदलताना क्रमांकांची अदलाबदल होते. शेजारच्या खोलीचा वापर या घराच्या नावावर चढतो आणि दोघांनाही कळत नाही. चालू जोडणीत हे तपासणं सोपं आहे. घरातला मेन स्विच बंद करून एखाद्याला मीटरजवळ उभं करा, ज्या मीटरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबतो तो आपला. तुमच्या प्रकरणात मीटरच नेलेला आहे. तेव्हा जुनी बिलं काढा, त्यांवर छापलेला मीटर क्रमांक आणि बिलावरच्या रीडिंगच्या फोटोतला क्रमांक जुळतो का ते पाहा. फोटो धूसर किंवा भलत्याच वस्तूचा असेल तर तोही पुरावाच आहे, ती बिलं जपून ठेवा.

तिसरी नजर भरण्यावर. घरच्यांनी भरलेली एखादी रक्कम चुकीच्या ग्राहक क्रमांकावर गेलेली असते. एका अंकाची चूक पुरते. जुन्या पावत्या आणि मोबाइलवरचे व्यवहार उताऱ्याशी ताडून पाहा. चौथी नजर वर्गवारीवर: राहतं घर असताना बिल व्यापारी दराने येतंय का? घराच्या ओट्यावर कधीकाळी पानाची टपरी होती, ती गेली तरी वर्गवारी तशीच राहिलेली असते.

हे सगळं पाहिल्यावर जी रक्कम खरी उरेल तिच्यासाठी वर्गणी काढायची.

आता मुदतीचं. कापलेली वीज दोन प्रकारची: तात्पुरती खंडित म्हणजे टीडी आणि कायमस्वरूपी खंडित म्हणजे पीडी. टीडीमध्ये वायर खांबावरून किंवा कटआउटमधून सोडवलेली असते, ग्राहक क्रमांक जिवंत असतो, आणि स्थिर आकार मागे चालूच असतो. म्हणून अंधारात बसलेल्या घराचंही बिल वाढताना दिसतं. पीडीमध्ये मीटर काढून अंतिम रीडिंग घेतात, सुरक्षा ठेव थकबाकीत वळती करतात आणि खातं बंद होतं. मीटर नेला म्हणजे पीडी झालंच असं नाही. नोंद काय आहे ते उताऱ्यावरूनच कळेल.

तोडल्यापासून सहा महिन्यांच्या आत थकबाकी भरली तर पुनर्जोडणी होते. सहा महिने उलटले की ते नवीन जोडणीचं प्रकरण बनतं: नवा अर्ज, नवी सुरक्षा ठेव, परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल, जोडणीचा खर्च, आणि जुनी थकबाकी तर भरायचीच. तुमच्या घराचे चार महिने गेलेत. उरलेल्या दोन महिन्यांत काम झालं तर या घराचे बरेच पैसे आणि हेलपाटे वाचतील. म्हणून दुरुस्तीचा अर्ज आणि पैशांची जुळवाजुळव एकाच वेळी सुरू करा.

नोटिशीचा मुद्दाही तपासा. विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. हल्ली ती मोबाइलवरही येते. पुष्कळ घरांत नोंदवलेला नंबर जुना असतो, भावाचा असतो किंवा घर विकून गेलेल्या मालकाचा असतो, त्यामुळे ‘नोटीसच आली नाही’ हे त्यांच्या बाजूने खरं आणि कार्यालयाच्या नोंदीत ‘पाठवली’ हेही खरं. नोटीस मिळाली नाही एवढ्यावरून थकबाकी माफ होत नाही. पण बिलाचा वाद आधीपासून लेखी चालू होता आणि तरी नोटिशीविना तोडली असेल, तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचापुढे हा मुद्दा वजनदार ठरतो.

याच कलमातली एक तरतूद गरीब ग्राहकाला सर्वांत उपयोगी आहे आणि सर्वांत कमी वापरली जाते. बिल मान्य नसेल तर ग्राहकाने ‘हरकत नोंदवून’ रक्कम भरायची आणि वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. किती भरायचं? मागितलेली पूर्ण रक्कम, किंवा मागच्या सहा महिन्यांत भरलेल्या आकाराच्या सरासरीने प्रत्येक महिन्याचं होणारं देणं, यांतलं जे कमी असेल ते.

उदाहरण घेऊ. वादाच्या आधीच्या सहा महिन्यांत घराने ४८०, ५१०, ४६०, ६२०, ५४० आणि ५९० रुपये भरले. बेरीज ३,२००, सरासरी साधारण ५३३. वादाचे महिने पाच असतील तर २,६६७ रुपये. मागणी १४,६०० ची आहे, तरी कलम ५६ प्रमाणे वाद चालू असताना भरायची रक्कम २,६६७. तोडलेल्या जोडणीलाही हे लागू पडतं. हरकतीसह अशी रक्कम भरल्यावर पुनर्जोडणीची मुदत सुरू होते, आणि ही मुदत शहरांत तासांत, ग्रामीण भागात दिवसांत मोजली जाते.

अडचण व्यवहारात येते. काउंटरवरची ऑनलाइन प्रणाली टीडी ग्राहकाची अर्धवट रक्कम घ्यायला अडते, किंवा घेते पण जोडणीचा आदेश निघत नाही. म्हणून थेट काउंटरवर जाऊ नका. आधी उपविभागाच्या उपकार्यकारी किंवा अतिरिक्त कार्यकारी अभियंत्याच्या नावे अर्ज द्या. त्यात ग्राहक क्रमांक, वादाचे महिने, वादाचं कारण एका वाक्यात, सरासरीचं गणित जसंच्या तसं, आणि शेवटी ‘कलम ५६(१) च्या परंतुकानुसार ही रक्कम हरकत नोंदवून भरत आहे’ असं लिहा. सोबत सहा पावत्या जोडा. अर्जावर अधिकाऱ्याचा शेरा घेऊन मग भरणा करा. ‘हरकत नोंदवून’ हे शब्द गाळले तर पुढे भरणा म्हणजे मान्यता असा अर्थ निघतो.

जुनी वसुली बिलात घुसवलेली असेल, उदाहरणार्थ चार-पाच वर्षांपूर्वीचा आकारणीतला फरक आज लावलेला असेल, तर कलम ५६(२) पाहा. रक्कम पहिल्यांदा देय झाल्यापासून दोन वर्षं उलटली आणि ती प्रत्येक बिलात सलग थकबाकी म्हणून दाखवलेली नसेल, तर त्या रकमेसाठी वीज तोडता येत नाही. अजमेर विद्युत वितरण निगमच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये सांगितलं की चूक उशिरा लक्षात आली तर कंपनी पुरवणी मागणी करू शकते, पण दोन वर्षांनंतर त्यासाठी वीज तोडण्याचा बडगा उगारता येत नाही. म्हणजे पैसे कदाचित द्यावे लागतील, पण त्यासाठी घर अंधारात ठेवता येणार नाही. उलट, थकबाकी दर बिलात सलग दिसत आली असेल तर या कलमाचा आधार मिळत नाही. त्यावर वेळ घालवू नका.

बिल तपासून खरंच निघालं तर मार्ग हप्त्यांचा. हप्ते हा ग्राहकाचा हक्क नाही, अधिकाऱ्याच्या अधिकारातली सवलत आहे, म्हणून अर्ज विश्वास बसेल असा हवा. नुसतं ‘गरीब आहोत, हप्ते द्या’ लिहिण्यापेक्षा ‘आज इतके भरतो, उरलेले अमुक तारखांना, चालू बिलासह’ असा तक्ता द्या. वर्गणी यासाठीच सर्वांत कामी येते. पहिला भरणा जितका घसघशीत तितका अर्ज लवकर मंजूर होतो आणि तुम्हाला एकाच घराला सगळे पैसे न देता तीन-चार घरांचे पहिले हप्ते उचलता येतात. हप्ता ठरवताना एक हिशेब चुकतो: घराला दर महिन्याला हप्ता आणि चालू बिल असं दोन्ही भरायचं असतं. ५०० रुपयांचं बिल झेपत नव्हतं त्या घरावर हजाराचा हप्ता लादला तर तिसऱ्या महिन्यात लाइट पुन्हा जाते, आणि दुसऱ्यांदा हप्ते मिळणं कठीण. हप्ते जास्त मागा, रक्कम कमी ठेवा, आणि तारीख मजुरीचे पैसे हातात येतात त्या दिवसाशी जुळवा.

पीडी झालेल्या जुन्या थकबाकीसाठी अभय योजनांकडे लक्ष ठेवा. २०२२ मध्ये विलासराव देशमुख अभय योजना होती. त्यानंतरची महावितरण अभय योजना १ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाली आणि मुदतवाढी मिळून ३१ मार्च २०२५ पर्यंत चालली. ३१ मार्च २०२४ पर्यंत कायमस्वरूपी खंडित झालेल्यांना तिच्यात व्याज आणि विलंब आकार पूर्ण माफ होता. मूळ थकबाकीच्या ३० टक्के भरून उरलेली सहा बिनव्याजी हप्त्यांत देता येत होती. एकरकमी भरल्यास लघुदाब ग्राहकाला (घरगुती ग्राहक यातच येतात) मूळ रकमेत १० टक्के सूट होती. मूळ ९,००० आणि व्याज ३,४०० असेल, तर १२,४०० च्या जागी एकरकमी ८,१००, किंवा आधी २,७०० आणि मग १,०५० चे सहा हप्ते. म्हणून पीडी प्रकरणात व्याजासकट पूर्ण रक्कम भरण्याआधी उपविभागात ‘सध्या कोणती योजना सुरू आहे का’ हा प्रश्न विचाराच. योजना नसेल तर राष्ट्रीय लोकअदालत. पीडी थकबाकीची दाखलपूर्व, म्हणजे कोर्टात दावा होण्याआधीची, प्रकरणं तिथे ठेवली जातात, कोर्ट फी लागत नाही, आणि व्याजावर तडजोड होऊ शकते. तिथे झालेला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणून बिलाचा वाद असेल तर उतारा न तपासता सही करू नका.

वीजचोरीचं प्रकरण असेल तर वरचं बरंचसं लागू होत नाही. कलम १३५ मध्ये चोरी आढळल्यावर लगेच वीज तोडता येते, १५ दिवसांची नोटीस नसते. आकारलेली रक्कम भरल्यावर ४८ तासांत पुरवठा परत द्यावा लागतो. कलम १२६ म्हणजे अनधिकृत वापर. त्यात दुप्पट दराने आकारणी होते, आणि अंतिम आदेशावर ३० दिवसांत निम्मी रक्कम भरून अपील करता येतं. ही दोन्ही प्रकरणं ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच ऐकत नाही. बिलावर ‘असेसमेंट’ची रक्कम दिसली की आधी कलम कोणतं ते विचारा, कारण चुकीच्या दारात गेलेले तीस दिवस परत मिळत नाहीत. गुन्हा दाखल असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील घ्या.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. लाइट गेलेल्या घराला शेजारी माणुसकीने वायर टाकून देतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण कायद्याच्या नजरेत ज्याने वायर दिली त्याचाच वापर अनधिकृत ठरू शकतो आणि दुप्पट आकारणी त्याच्या माथी येते. अनधिकृत वापर कधीपासून होता हे ठरवता आलं नाही तर आधीचे १२ महिने धरतात. एका घरातला अंधार घालवताना दुसरं घर थकबाकीत जातं. आणि खांबावरून स्वतः जोडून घेणं तर जिवाशी खेळ आहे. तोडलेली जोडणी परस्पर जोडल्यास कलम १३८ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. मधल्या काळात मुलांच्या अभ्यासासाठी सौर कंदील द्या, मोबाइल शेजारी चार्ज करून आणा. वायर नको.

नावाचा घोळही पुष्कळ घरांत असतो. मीटर वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर, किंवा घर विकून गेलेल्या माणसाच्या नावावर. वारसाकडे थकबाकी पूर्ण येते. वारस नसलेल्या नव्या मालकाकडे किंवा रहिवाशाकडे मात्र आधीच्या माणसाची सगळी थकबाकी येत नाही. राज्याच्या पुरवठा संहितेने तिथे सहा महिन्यांच्या न भरलेल्या आकाराची मर्यादा ठेवलेली आहे. घर विकत घेतलेल्या कुटुंबाकडे मागच्या मालकाची चार वर्षांची बाकी मागत असतील तर संहितेतला हा मुद्दा लेखी मांडा.

भाडेकरू असेल आणि घरमालक ना-हरकत देत नसेल, तरी दार बंद नाही. कलम ४३ वीज मागण्याचा हक्क मालकासोबत ताबेदारालाही देतं. दिलीप विरुद्ध सतीश या महाराष्ट्रातल्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये म्हटलं की वीज ही मूलभूत गरज आहे, मालकाच्या ना-हरकतीअभावी भाडेकरूला ती नाकारता येणार नाही, अर्जदार त्या जागेत राहतो एवढंच पाहायचं. आणि मालकानेच भांडणातून लाइट तोडली असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २९ खाली न्यायालयातून ती परत मिळवता येते. त्यात महावितरणशी भांडण्यात अर्थ नाही.

आता भरणा आणि जोडणीचा दिवस. १ ऑगस्ट २०२३ पासून घरगुती ग्राहकाकडून रोखीने महिन्याला जास्तीत जास्त ५,००० रुपयेच घेतले जातात. वर्गणीची रोकड घेऊन रांगेत उभं राहिल्यावर हे कळतं आणि दिवस फुकट जातो. जास्तीची रक्कम ऑनलाइन भरा. धनादेश देऊ नका. तो वटेपर्यंत भरणा धरत नाहीत आणि वटला नाही तर वर दंड. पैसे कुटुंबाच्या हातात न देता थेट ग्राहक क्रमांकावर भरणं वर्गणीदारांच्याही समाधानाचं. भरण्याआधी स्क्रीनवर येणारं नाव आणि बिलिंग युनिट दोनदा वाचा. ‘आज रात्री साडेनऊला लाइट कापली जाईल, या नंबरवर फोन करा’ असा संदेश खासगी मोबाइल नंबरवरून आला तर तो फसवणुकीचा आहे. त्या नंबरवर काहीही भरू नका.

थकबाकीसोबत पुनर्जोडणी शुल्क, म्हणजे आरसी, वेगळं भरावं लागतं. सिंगल फेज घराला ते काही शे रुपये असतं. याचीच पावती राहून जाते आणि लाइट अडते: थकबाकी भरली, पण आरसी भरली नाही, म्हणून आदेश निघाला नाही. दोन्ही पावत्यांच्या झेरॉक्स शाखा कार्यालयात देऊन वेळेसह पोच घ्या, कारण मुदत तिथून मोजायला सोपी जाते. भागाच्या जनमित्राचा, म्हणजे लाइनमनचा, नंबर घ्या. मीटर नेलेला असेल तर जागेवर नवा मीटर लागेल. भांडारात सिंगल फेज मीटर शिल्लक आहे का ते आधीच विचारा, कारण सगळे पैसे भरूनही मीटरअभावी घर थांबलेलं असतं. दिलेल्या वेळेत काम झालं नाही तर १९१२ वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. तरीही हललं नाही किंवा बिलदुरुस्तीचा अर्ज फेटाळला, तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तिथे जाता येतं, वकिलाची गरज नाही. अर्जातच अंतरिम आदेशाची मागणी करा, म्हणजे मूळ वाद चालू असताना पुरवठ्याचा प्रश्न आधी सुटू शकतो. मंचाच्या निर्णयावर ६० दिवसांत विद्युत लोकपालांकडे जाता येतं. त्यांची कार्यालयं मुंबई आणि नागपूरला आहेत.

जोडणीच्या आधी घरातली वायरिंग वायरमनकडून तपासून घ्या. चार महिने बंद पडलेल्या घरात उंदरांनी वायर कुरतडलेली असते, पावसाळ्यात पत्र्याला चिकटलेल्या वायरचं आवरण गेलेलं असतं, अर्थिंग तर कित्येकदा नसतंच. पत्र्याच्या घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवणं हा वर्गणीतला सर्वांत चांगला खर्च आहे. मीटर बसल्यावर मीटर क्रमांक आणि सुरुवातीचं रीडिंग यांचा मोबाइलवर फोटो काढा, मीटर पेटीचं सील पाहा, आणि मेन स्विच बंद करून तोच मीटर आपला आहे याची खात्री करा.

पहिलं बिल आलं की उताऱ्याशी पुन्हा ताडा. मंजूर झालेली दुरुस्ती बिलात उतरली का, आणि नव्या मीटरचं सुरुवातीचं रीडिंग बरोबर घातलं का? जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग नव्याचं मागील रीडिंग म्हणून राहिलं तर पहिलंच बिल वेडंवाकडं येतं. मोबाइल नंबर घरात सतत असणाऱ्या माणसाचा नोंदवा, कमावत्याचा नव्हे. पीडीत जुनी ठेव वळती झालेली असेल तर नव्या ठेवीची मागणी वेगळ्या बिलाने येते. ते बिल बाजूला टाकलं तर त्यासाठीही नोटीस येऊ शकते.

शेवटचा मुद्दा दारिद्र्यरेषेखालच्या वर्गवारीचा. मंजूर भार ०.२५ किलोवॅटपर्यंत आणि वर्षाचा वापर ३६० युनिटपर्यंत असेल तरच तो सवलतीचा दर मिळतो. म्हणजे महिन्याला सरासरी ३० युनिट. एकदा वर्षाचा वापर ३६० च्या वर गेला की घर सर्वसाधारण घरगुती वर्गात जातं आणि परत येता येत नाही. म्हणून या वर्गातल्या घराचा साचलेला किंवा चुकीचा वापर बिलात चढला असेल, तर दुरुस्तीच्या अर्जात रकमेसोबत ‘त्या वर्षाचा प्रत्यक्ष वापर ३६० युनिटच्या आत असल्याने वर्गवारी पूर्ववत करावी’ हेही लिहा. रक्कम दुरुस्त होते आणि वर्गवारी तशीच राहते, असं झालं तर पुढची सगळी बिलं चढ्या दराने येत राहतात.